छत ठोकणारे उकंडराव

मेडशीत उकंडरावांना जेवायला बोलावणारा माणूस आधी आपल्या घराच्या छताकडे पाहत असे. कारण म्हातारा आत शिरला की आधी डाव्या हाताचा तळवा छताला लावी आणि उजव्या हातातल्या काठीने शेजारी ठोकी. छत उंच असलं तर यजमानाच्या बाजेवर चढे. आवाज खणखणीत आला तर पानावर बसे. भद्द आला तर ताट अंगणात मागवी, मग वर वैशाखातलं ऊन का असेना.

लोक हसत. पोरगा पुंजाजी मात्र शरमेने अर्धा होई. एकदा म्हाताऱ्याने या काठीने एसटीचं छत ठोकलं तेव्हा ड्रायव्हरला वाटलं कंडक्टरची थाप पडली. त्याने गाडी हाणली आणि कंडक्टर मालेगावच्या टपरीवरून बशीतला चहा घेऊन गाडीमागे धावत सुटला.

या ठोकण्याचं मूळ चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, जंगलात होतं. मिसरूड फुटायच्या वयात उकंडराव जऊळक्याला रेल्वेत बसले आणि कोळशाच्या खाणीवर गेले. तिथली वस्ती इतकी नवी, की वाघ अजून ती आपलीच समजत. खाणीतल्या छताला तिथे चाल म्हणत. पाळी सुरू होण्याआधी एकजण पुढे जाऊन चाल ठोकायचा. भद्द बोलली तर ती सुटलेली, कधीही खाली येणारी. धड आहे असं तो म्हणाला, तरच बाकीचे आत जायचे. कित्येक वर्षं तो एकजण उकंडराव होते. हे सगळं ते स्वतःच सांगत, त्यामुळे गावाने ते थापांच्या खात्यात टाकलं होतं. पुंजाजीनेही.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात पुंजाजीची लेक पंचफुला हिला शिरपूरचं स्थळ आलं. मुलगा नानाजी, शाळेत मास्तर. पाहून गेला आणि पंचफुला दोन दिवस भाजीत मीठ घालायला विसरली. आता मुलाचं घर पाहायला जायचं होतं. असं स्थळ पुन्हा येणार नव्हतं, हे पुंजाजीला पक्कं ठाऊक होतं.

"आबाले घेऊन जा," पंचफुला म्हणाली. "पन काठी घरीच राहू द्या. आबा, तुमाले माही शपथ."

"ठेवली बाई," उकंडराव म्हणाले आणि त्यांनी खरंच काठी ठेवली.

शिरपूरला दौलतरावांनी, म्हणजे मुलाच्या वडिलांनी, जय भीम करून पाहुण्यांना आत नेलं. घर धाब्याचं, मातीचं छत हाताला लागेल इतकं खाली. बापाच्या हातात काठी नाही, हे पुंजाजीने पुन्हा पाहून घेतलं. दौलतरावांनी पाण्याचा भरलेला तांब्या उकंडरावांच्या हातात दिला. म्हाताऱ्याने डावा हात वर नेला.

"बाबा!" पुंजाजी कळवळला.

उजव्या हातातला तांब्याच काठीसारखा छताला लागला. भद्द. सगळं पाणी दौलतरावांच्या नव्या टोपीवर.

उकंडरावांचा तळवा छतावरून हलला नाही. कधी कोणी ऐकला नव्हता अशा आवाजात ते म्हणाले, "बाहीर."

"काय म्हन्ता?" टोपी पिळत दौलतराव म्हणाले. "घर पाह्यले आले का पाडाले आले? आमचं घर पसंत नसन तं तसं सांगा नं सरळ!"

पुंजाजीला लेकीचं लग्न डोळ्यांदेखत मोडताना दिसलं. तो हात जोडणार, तेवढ्यात कोपऱ्यात तूर पाखडत बसलेली दौलतरावांची आई, भागिरथाबाई, उठली. तिने सूप तुरीसकट डोक्यावर घेतलं आणि कोणाकडे न पाहता तरातरा बाहेर निघून गेली. घरातलं थोरलं माणूसच गेल्यावर बसून कोण राहणार? एकामागून एक सगळे अंगणातल्या निंबाखाली आले. दौलतरावही, गळत गळत.

"माय, तू काहून उठली वं?"

भागिरथाबाईने डोक्यावरचं सूप चाचपलं आणि ती लाजली. "चाल बोलली नं बापा. चाल बोलल्यावर इचारत नसते. टोपलं घ्याचं अन् निंगाचं."

माय दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत कोळशाच्या खाणीवर होती, एवढंच दौलतरावांना माहीत होतं. "तू तं वरतं कोळशातले दगड येचे नं?"

"आत व्हती. तुह्या बापाले लोक बोलतीन म्हनून सांगतलं नाई." ती उकंडरावांकडे वळली. "आमी बाया आत भाकर खात व्हतो. ठोकनारा बाहीर म्हने. उठलो. भाकरी दबल्या, आमी वाचलो. अंधारात त्याचं तोंड नाई दिसलं. तुमीच व्हता काय?"

उकंडरावांनी खाणीचं नाव विचारलं, ऐकलं आणि मान हलवली.

"नाई बाई. माही खान दुसरी. माह्या खानीत सेवालाल व्हता, माहा दोस्त. मी बाहीर म्हनलं. तो म्हने, एवढी भाकर खाऊन येतो."

भागिरथाबाईने सूप खाली ठेवलं आणि दोन्ही हात जोडले.

पुंजाजी बापाकडे पाहतच राहिला. साऱ्या गावाने टिंगल केलेला तो तळवा आता त्याला फार मोठा दिसत होता. एका शब्दावर माणसांनी जेवण टाकून उठावं असा हा माणूस, आणि आपण याला काठी घरी ठेवू दिली!

दौलतरावांनी ओली टोपी डोक्यावर चढवली. "आता सुपारी इथंच फोडू. आत जाची माही तं हिंमत नाई."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या खोलीत मधोमध सागाचा खांब ठोकला. छत काही पडलं नाही. पडणार होतं की नव्हतं, हे कोणालाच कळलं नाही.

लग्न मेडशीला झालं. पंगत बसायच्या वेळी पुंजाजी घरात गेला आणि काठी आणून त्याने आपल्या हाताने बापाला दिली. वर नुसतं मांडवाचं कापड होतं. उकंडरावांनी थोडा विचार करून मधला बांबू ठोकला आणि कान दिला. हसणारी मेडशीही पत्रावळी हातात धरून उभी राहिली.

"बसा," उकंडराव म्हणाले.

सगळ्यात आधी भागिरथाबाई बसली.