वाकडं अंगण

बॅले म्हणजे काय, असं पट्टीकाकांना कोणी विचारलं, तर ते पायाच्या अंगठ्यापासून सांगायला सुरुवात करत आणि गुडघ्यापाशी येऊन थांबत. त्याच्या वरचं त्यांनी कधी नीट पाहिलंच नव्हतं. शहरातल्या त्या मोठ्या थिएटरात चौतीस वर्षं ते रंगमंचावर नाचाची चादर अंथरत आले होते, आणि खेळ चालू असताना विंगेत बसूनही त्यांचे डोळे जमिनीवरच असत. त्यांच्या लेखी नाचणारे दोनच जातीचे. एक टणक बुटांच्या टोकावर उभे राहणारे, त्यांना जमीन निसरडी वाटते. दुसरे नव्या पद्धतीचे, अनवाणी लोळणारे, त्यांना ती खरखरीत वाटते. ‘जमीन बरी आहे’ असं म्हणणारा नाचणारा अजून जन्माला यायचाय, असं ते म्हणत.

चादर म्हणजे काळ्या रबरासारखी, जाड, गुंडाळून ठेवलेली. तिचे सहा पट्टे शेजारी शेजारी अंथरायचे आणि मधले सांधे चिकटपट्टीने बंद करायचे. पट्टीचं भेंडोळं सदा मनगटात, म्हणून ते पट्टीकाका. या कामात नियम एकच, पण पक्का. अंथरल्या अंथरल्या चादर चिकटवायची नाही. गोदामाच्या गारव्यात ती आखडलेली असते. तिला तीन तास नुसतं पडू द्यायचं. थिएटरात म्हणत, चादर निजू द्या. न निजलेली चादर चिकटवली, तर दिव्यांच्या उष्णतेने ती पसरते आणि सरकायला जागा नसल्यामुळे सांध्यावर फुगते. फुगवटा बोटभर, आणि काळ्यावर काळा, त्यामुळे दिसतही नाही.

हे काकांनी कितीजणांना शिकवलं असेल. आणि अकरा वर्षांपूर्वी, हिवाळ्यातल्या एका दुपारच्या खेळाला, स्वतःच पाळलं नाही.

त्या सकाळी चादर अंथरून तासही झाला नव्हता, तोच दिवेवाल्यांनी मागच्या खोलीत पत्ते मांडले आणि काकांना हाक मारली. हातातलं काम संपवल्याशिवाय डावाला बसायचं नाही, ही काकांची शिस्त. म्हणून त्यांनी काम संपवलं. दोन तास आधीच पट्ट्या मारल्या आणि जाऊन बसले. बायको आजारी असती, घराला आग लागली असती, तर माणूस स्वतःची काहीतरी समजूत घालू शकतो. इथे निमित्त काय, तर पत्ते. वर तो डाव ते जिंकलेही, आणि ते आठवलं की त्यांना स्वतःचं तोंड आरशात बघवत नाही.

दुसऱ्या भागात मुख्य नर्तकी धावत आली, उडाली आणि खाली आली ती नेमकी तिसऱ्या सांध्यावर. बुटाचं टोक अडकलं. घोटा मोडल्याचा आवाज विंगेपर्यंत आला. पडदा पडला, माणसं तिच्याभोवती गोळा झाली. काका मात्र तिच्याकडे न जाता सांध्याकडे गेले. पट्टी उचकटली, चादर मोकळी केली, फुगवटा बुटाने दाबला, नवी पट्टी मारली. मिनिटभराचं काम. मग मॅनेजरसाहेब आले आणि म्हणाले, “चादर ठीक होती ना?” चोराच्या मनात चांदणं, काकांना वाटलं, यांनी पाहिलंय. पण साहेब विचारायचं म्हणून विचारत होते.

“ठीक होती,” काका म्हणाले.

दोन दिवसांनी सगळं सांगून टाकायचं असं ठरवून ते हॉस्पिटलात गेले. तिथे ती पाय प्लास्टरात घालून भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, “माझीच चूक हो. आई पहिल्यांदा बघायला आली होती, तिसऱ्या रांगेत. उडायच्या आधी मी तिच्याकडे पाहिलं.” आई कोपऱ्यात स्टुलावर बसून ते ऐकत होती. काकांनी आणलेली फळं टेबलावर ठेवली, काळजी घ्या म्हणाले आणि जिना उतरले. दुसरा आपणहून दोष अंगावर घेत असेल, तर भित्र्या माणसाला सुटल्यासारखं वाटतं. काका त्या दिवशी सुटले, असं त्यांना वाटलं होतं.

घोटा जुळला, उड्या संपल्या. थिएटरच्या वरच्या मजल्यावर आरशांची खोली होती, तिथे ती मुलांना बॅले शिकवू लागली आणि सगळ्यांची ‘बाई’ झाली. त्या खोलीवर काकांचा भारी जीव. धरून नाचायचा भिंतीवरचा दांडा सैल व्हायच्या आत आवळलेला, दिवा विझायच्या आत बदललेला. थंडीत बाईंचा घोटा दुखे, तर गरम पाण्याची पिशवी न मागता हजर. “घरचा नळ दोन महिने गळतोय,” काकांची बायको म्हणे, “त्यालाही तुमच्या थिएटरात नेऊन बसवू का?” काका हसत आणि विषय बदलत.

जमीन घसरते म्हणून मुलं कुरकुरली, की बाई म्हणत, “नाचता येईना, अंगण वाकडं.” मुलं खिदळत. काका शिडीवर असोत की दाराशी, त्यांना हसू येत नसे. या बाईच्या आयुष्यात एकदाच अंगण खरंच वाकडं होतं, आणि त्या एका वेळी तिने अंगणाला नाव ठेवलं नाही.

बाईंचा स्वतःचा असा एक नियम होता. वार्षिक खेळाला मुलांच्या घरच्यांनी दहाव्या रांगेच्या मागे बसायचं. पुढे ओळखीचा चेहरा नको. बाईंची आई तर मागेही बसायला येत नसे. त्या दिवसानंतर तिने थिएटरची पायरी चढली नव्हती.

यंदा एका मुलीचे वडील खेळाच्या दोन दिवस आधी आले. लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवणारा माणूस, घरी महिन्यातून चार दिवस. “सहा वर्षं शिकतेय, मी एकदाही पाहिलं नाही,” ते म्हणाले. “पुढे एक खुर्ची द्या, बाई. हलणार नाही, हसणार नाही.”

“नाही जमायचं,” बाई म्हणाल्या. “माझी आई पुढे बसली होती. त्या पापाचं ओझं ती अजून वाहतेय. तुमच्यावर ती वेळ नको.”

ट्रकवाले मान हलवून निघून गेले. काका दांड्याचा स्क्रू आवळत होते. स्क्रू केव्हाच आवळला गेला होता, तरी ते पिळतच होते. मग त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“बाई, तुम्ही आईकडे पाहिलंत म्हणून नाही पडलात.”

“मग?”

“चादर निजली नव्हती. मी आधीच चिकटवली. पत्ते खेळायला जायचं होतं.”

नाचणाऱ्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. बाई खुर्चीवर बसल्या. “कितवा सांधा?”

“तिसरा. तुम्ही पडल्यावर मी तो दाबून टाकला.”

बाईंनी घोट्यावर हात ठेवला. मग म्हणाल्या, “रोज झोप लागेपर्यंत मी ती उडी मारते, काका. आईकडे न बघता मारते, तरी पडते. मला कळायचंच नाही, का.” आणि थोड्या वेळाने, “मला वाटायचं, काकांना माझी माया आहे.”

माया होतीच. ती कधी लागली ते काकांनाही ठाऊक नव्हतं, पण आता ते म्हणायचं कुठल्या तोंडाने? बाईंनी फोन काढला, नंबर लावला आणि त्यांच्यापुढे धरला. “मला सांगितलंत. आता आईला सांगा.”

काकांनी सांगितलं. पत्त्यांपासून बुटापर्यंत, काही न गाळता.

“म्हणजे मी आले असते तरी चाललं असतं,” म्हातारी म्हणाली. “दर वर्षी मुलांचा खेळ असतो म्हणते ती. मी दर वर्षी काहीतरी दुखणं काढायची.”

काहीतरी अजून सावरता येईल, असं काकांना वाटलं. “यंदा या, मावशी,” ते घाईघाईने म्हणाले. “परवाच आहे. मी स्वतः घ्यायला येतो. अगदी पहिल्या रांगेत बसवतो तुम्हाला.”

“आता येऊन काय करू, बाबा?” म्हातारी म्हणाली. “गेल्या वर्षी दोन्ही डोळे गेले माझे. तिने सांगितलं नाही का तुम्हाला?”

काकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी फोन परत घेण्यासाठी हात पुढे केला नाही. पलीकडे म्हातारी उत्तराची वाट बघत होती, आणि बोलायचं काकांनाच होतं.