उरलेली तीन मतं

नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटीला बांधलेला विषय. परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा पोरं तो सगळ्यात शेवटी उघडतात. मी मात्र आमच्या शहरातल्या एका शाळेत आयुष्यभर तोच जीव तोडून शिकवला. संसदेचा धडा आला की मला चेव चढे. लोकसभा आपण थेट निवडतो, ती पाच वर्षांनी किंवा त्याआधीही बरखास्त होते. राज्यसभा कधीच बरखास्त होत नाही. दर दोन वर्षांनी तिचे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. घंटा झाली तरी मी वर्ग सोडत नसे, म्हणून पोरं पाठीमागं मला ‘राज्यसभा’ म्हणत. मला ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

एका वर्षी मी शाळेतच संसद भरवायची ठरवली, तीही दोन सभागृहांची. खालचं सभागृह सगळ्या पोरांनी शिक्के मारून निवडलं. वरच्यात फक्त तीन जागा. त्या मात्र वीस वर्गप्रतिनिधींनी निवडायच्या, कारण राज्यसभेला आमदार मत देतात, आपण नाही. चिठ्ठीवर शिक्का नाही, पसंतीचे आकडे लिहायचे: एक, दोन, तीन. मुख्याध्यापक म्हणाले, “सर, कशाला एवढा घोळ?” मी म्हणालो, “हाच तर धडा आहे!”

वरच्या सभागृहाला चौघं उभी होती. त्यात दहावीतली एक मुलगी होती, शेंद्र्याहून बसनं येणारी. बोलायला लागली की अख्खा वर्ग गप्प. तिला वकील व्हायचं होतं आणि त्यासाठी अकरावीला शहरातच कॉलेज हवं होतं. तिचे वडील शेंद्र्यातल्याच एका कंपनीत कामाला. त्यांच्या मते गावाजवळ आयटीआय करावं, कंपनीत चिकटावं, विषय संपला. पण वर निवडून आलेल्या तिघांना शहरातल्या सगळ्या शाळांच्या मेळाव्यात भाषण करायला मिळणार होतं. वडिलांनी तिला कबूल केलं होतं, की तुझं नाव लागलं तर सुट्टी टाकून ऐकायला येतो, मग कॉलेजचं बघू. हे तिनं स्वतः मला सांगितलं होतं. म्हणजे मला सगळं ठाऊक होतं, हे आधीच कबूल केलेलं बरं.

मोजणी झाली त्या दिवशी दुपारच्या पाळीची पोरं दप्तरं घेऊन दारात उभी होती. निवडून यायला सहा मतं लागत होती. एका मुलाला पहिल्या पसंतीची नऊ मिळाली, दुसऱ्याला बरोबर सहा, तिसऱ्याला तीन आणि तिला दोन. नऊ, सहा, तीन. मी तीन नावं वाचली, टाळ्या झाल्या, वर्ग रिकामा केला.

दुसऱ्या दिवशी तासाला ती उभी राहिली.

“सर, नऊवाल्याला सहाच मतं लागत होती ना? मग वरची तीन कुठं गेली?”

राज्यसभेच्या निवडणुकीत जास्तीची मतं वाया जात नाहीत, ती दुसऱ्या पसंतीकडे जातात. दरवर्षी फळ्यावर हे मीच लिहीत असे.

“त्या नऊ जणांना विचारलं मी,” ती म्हणाली, “सगळ्यांनी दोन नंबरला मलाच टाकलंय.”

“मोजणी बरोबर आहे,” मी म्हणालो. “तुझी काहीतरी चूक होतेय. बस खाली.”

ती बसली.

मधल्या सुट्टीत मी कपाटातून चिठ्ठ्या काढल्या. त्या नऊच्या नऊ चिठ्ठ्यांवर दुसऱ्या क्रमांकाला तीच होती. तिच्या दोन मतांत तीन मिळवली की पाच, आणि तो तिसरा मुलगा तीनवरच, म्हणजे बाद तो आणि तिसरी जागा तिची. हिशेब पहिलीच्या पोराला जमला असता. पण मुख्याध्यापकांनी नावं फलकावर लिहिली होती, त्या मुलाच्या आईनं स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते, त्यातला एक मी खाल्लाही होता. ही कारणं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. खरं कारण एवढंच, की मला लाज वाटली. नागरिकशास्त्राचा मास्तर मोजणीत चुकला, हे चाळीस पोरांपुढं म्हणायला जीभ वळेना. झाकली मूठ सव्वा लाखाची! चिठ्ठ्या मी परत कपाटात ठेवल्या.

तिनं पुन्हा विचारलं नाही. निकालानंतर दाखला न्यायला आली तेव्हा माझ्या पाया पडली. “आयटीआयला नंबर लागलाय, सर,” म्हणाली. मी म्हणालो, “छान, छान.”

मागच्या लोकसभेला मी मत द्यायला गेलो तर केंद्र आमच्याच शाळेत. म्हाताऱ्यांसाठी सावलीत खुर्च्या मांडल्या होत्या. मत देऊन मी तिथं टेकलो होतो, तेवढ्यात बोटाची शाई वाळवत एक बाई समोर येऊन थांबली. तीच. लग्नानंतर शहरात आलेली, शेंद्र्याच्याच एका कंपनीत सुपरवायझर. तब्येत विचारून झाली. मग मी कसंबसं तोंड उघडलं. म्हणालो, “त्या वर्षी तूच निवडून आली होतीस. मी चुकलो होतो. आणि तू विचारलंस त्याच दिवशी मला ते कळलं होतं.”

“मला पण माहीत होतं की सर,” ती म्हणाली. रागानं नाही, एखादी जुनी गोष्ट सांगावी तसं. “घरी जाऊन पप्पांना समदं मांडून दाखवलं होतं मी, नऊ, सहा, तीन. पप्पा म्हणले, सर चुकतेत व्हय? हरलीस तर हरलीस म्हण, खोटं कशाला बोलायलीस?”

“माझ्यामुळं तुझं कॉलेज राहिलं,” मी म्हणालो.

“कॉलेजचं सोडा सर,” ती म्हणाली. “पप्पा गेले मागच्या साली. शेवटपर्यंत त्यांना वाटायचं, पोरगी त्या दिवशी खोटं बोलली.”