कसब्यातला व्हेटो

चार म्हातारे रोज एकाच बाकावर बसले, की किस्से जुन्या ट्यूबांसारखे साठत जातात. फेकवत नाहीत, आणि प्रत्येकीला कुठं ना कुठं पंक्चर! मी जन्मभर कसब्यात सायकली दुरुस्त केल्या, शाळा सातवीत सोडली. तेव्हा उपमा दुकानातलीच मिळणार. त्यातलं एक पंक्चर मात्र मीच पाडलेलं आहे.

आमचे दामले सर रोज पेपर मोठ्यानं वाचतात. एकदा बातमी आली, की युरोपातले संरक्षणमंत्री भेटले, भरपूर बोलले, पण एका देशानं होकार दिला नाही म्हणून सगळं अडलं. एकाचा नकार, की ठराव खलास! मला हे फारच आवडलं. तिथल्या तिथं मी आमचीही बैठक भरवली. दामले सर फ्रान्स. तांब्याची भांडी ठोकणारा विठ्ठल लक्झेंबर्ग, कारण त्याची खोली एकच. सुभेदार जगताप जर्मनी, कारण मुलगा तिथं आयटीत.

"आणि बबन, तू कोण?" सरांनी विचारलं.

"मी अडवणारा!"

नियम एकच. चारही हात वर गेल्याशिवाय काही ठरायचं नाही.

*

पहिला ठराव, चहात आलं घालायचं का. तीन हात वर, विठ्ठलचा खाली. अर्धा तास वाटाघाटी! शेवटी चहावाला म्हणाला, "काका, तुमचं एकमत होईस्तोवर दूध नासेल. बिनदुधाचा चालेल का, यावर हात वर करा!"

*

मग पेपरात आलं, की ते देश आता शस्त्रं एकत्र विकत घेणार. आम्ही बीपीचं मशीन एकत्र घेतलं. पहिल्याच दिवशी सरांचं बीपी भलतंच वर! मी शेजारी बसून त्यांच्या वर्गातल्या आवाजाची नक्कल करत होतो. सर शांतपणे म्हणाले, "मशीन ठीक आहे. बिघाड डावीकडे बसलाय."

*

एकावर हल्ला तो सगळ्यांवर हल्ला, असा करारही आम्ही केला. सह्यांसकट! आठवड्याभरात एक कुत्रं सरांच्या अंगावर धावलं. मी आणि विठ्ठल करार पाळायला उठलो आणि थेट बाकामागच्या देवळाच्या वरच्या पायरीवर जाऊन उभे राहिलो. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे सुभेदार मात्र छत्री उगारून मध्ये आले. कुत्रं गेलं.

"आम्ही वरून तीव्र चिंता व्यक्त करत होतो," मी म्हणालो.

"चिंता झ्याक हाय," सुभेदार म्हणाले. "पर छत्री एकच होती."

*

याच सुभेदारांनी एका सकाळी उभं राहून विषय मांडला. "उद्या पोरगा येतोय. घर विकून मला तिकडं न्यायचं म्हनतोय. मला न्हाई जायचं. पर एकट्याला त्याच्याम्होरं बोलाय येत न्हाई. तुम्ही तिघं नुसते येऊन बसा. हात वर करा."

सरांचा हात वर. विठ्ठलचा वर. सुभेदारांचा स्वतःचा वर. मी माझा हात मांडीखाली दाबला आणि ओरडलो, "व्हेटो!"

चहावाला हसला, विठ्ठल हसला, मी तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. सुभेदारांनी मला कडक सलाम ठोकला आणि चालू लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही त्यांच्या दारात हजर. आत मुलगा कागद मांडून बसलेला. सुभेदारांनी उंबऱ्यातच अडवलं. "ठराव पडला होता. नियम म्हंजे नियम." आणि दार लावून घेतलं.

एक हात वर करायला मला काय जड झालं होतं?

*

आता दर रविवारी सुभेदार जर्मनीतून व्हिडिओवर येतात. तिथं नुकतंच उजाडलेलं असतं. डोक्याला कानटोपी, मागं पांढरी भिंत. आम्ही फोन चहाच्या ग्लासाला टेकवून बाकावर ठेवतो, त्यांच्याच जागेवर.

गेल्या रविवारी मी उभा राहिलो. "विषय एकच. सुभेदारांनी पुण्याला परत यावं. दुकानावरची माडी मी रिकामी केलीय. खिडकीतून हा बाक दिसतो."

सरांनी पेपर मांडीवर ठेवून हात वर केला. विठ्ठलनं केला. मी दोन्ही केले.

"दोन मोजत न्हाईत," सुभेदार म्हणाले.

मी एक खाली घेतला. तिघंही फोनकडे बघत राहिलो. सुभेदारांचा हात उठला, कानटोपीपर्यंत गेला, ती नीट केली आणि परत खाली आला.

"व्हेटो," ते म्हणाले. "सर, फुडची बातमी वाचा."