दहा मोजेपर्यंत

रशीदभाई गेले त्याला आता दीड महिना होईल. आदल्या दिवशी दुपारीच मी त्यांना दवाखान्यात भेटलो होतो. धाप लागत होती, बोलू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण ऐकतील ते रशीदभाई कसले! मला पाहताच विचारलं, "नवा डबा दिवसभर चालवला का?" "चालवला," मी म्हणालो. ते हसले. "आता खरं बोलून राहिलास..." म्हणजे इतकी वर्षं त्यांना ठाऊक होतं तर.

लातुरात आम्हा दोघांचं सर्किटं बनवायचं छोटं दुकान. शिकवणी वर्गांना बरकत आली, एका हॉलमध्ये पोरं मावेनात, तेव्हा आम्ही एक डबा तयार केला. सर एका हॉलमध्ये शिकवायचे आणि शेजारच्या हॉलमधल्या पोरांना ते पडद्यावर दिसायचे. डब्याचा जीव म्हणजे आतली चित्र सांभाळणारी चिप. ती बाजारात मिळेनाशी झाली आणि तिच्या जागी नवी आली. पाय तेवढेच, जागच्या जागी बसणारे. मला तर देवच पावला! रशीदभाई मात्र ती चिप उलटसुलट करत म्हणाले, "पाय जुळले, पोट येगळं हाय. दिवसभर चालवल्याबिगर एकबी डबा भाईर जायचा न्हाई." भूकंपानंतर ते आठवडाभर ढिगारे उपसायला गेले होते. "भिंती लई जाड होत्या भाऊ. वरून दगड, आत नुसती माती," एवढंच सांगायचे. त्यांची परीक्षा ठरलेली. दिवसभर चालून तापलेल्या चिपवर बोट ठेवायचं आणि दहा मोजायचे. तोवर बोट टिकलं तर डबा पास.

ते भाचीच्या लग्नाला धर्माबादला गेले आणि इकडे नांदेडच्या एका क्लासचा निरोप आला. परीक्षेआधीची उजळणी आहे, दोन डबे लगेच हवेत. मी नव्या चिपा बसवल्या, तासभर चालवल्या, चित्र कसं लख्ख! दिले पाठवून. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय? दोन दिवसांनी सकाळी रशीदभाई परतले, तेव्हा नांदेडला डबे गेल्याचं मी सांगितलं. दुकानात तसाच एक डबा पहाटेपासून सुरू होता. सवयीने त्यांनी बोट ठेवलं आणि तीनलाच झटकन काढलं. "नांदेडचे दिवसभर चालवले होते ना?"

"हाव," मी म्हणालो.

त्यांनी मीटर लावून पाहिलं. नव्या चिपला व्होल्टेज कमी लागत होतं आणि आमचं सर्किट जुन्याच मापाने जास्त देत होतं, म्हणून ती तापत होती. एक रेझिस्टर बदलला की भागणार होतं, पण तीन वाजता नांदेडात उजळणी सुरू होणार होती. आम्ही जीप केली. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. ऐन उजळणीत डबे बसले असते तर आमची जबान गेली असती, आणि जबान गेली की दुकान गेलंच. पण खरं सांगतो, मला त्याहून जास्त धास्ती होती ते पुन्हा विचारतील याची.

पोहोचलो तेव्हा उजळणी सुरू झाली होती. डबे क्लासने सकाळपासूनच चालू ठेवले होते; पडद्यावर सरांच्या चेहऱ्याचे चौकोनी तुकडे झाले होते आणि पोरं गलका करत होती. क्लासचे मालक अंगावर धावून आले. रशीदभाई पुढे झाले. "चूक माझी हाय साहेब. चिप मीच पसंत केली. पंधरा मिनिटं द्या." मी तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या हातात बॅटरी दिली. "तू उजेड धर."

दोन्ही डबे दुरुस्त झाले आणि उजळणी पार पडली. कबूल करायची हिंमत मला त्या दिवशी झाली नाही. पुढेही झाली नाही.

त्यांचं स्टूल अजून टेबलापाशीच आहे. परवा एक डबा सकाळपासून चालवला आणि संध्याकाळी चिपवर बोट ठेवलं. "रशीदभाई, तेव्हा चालवले नव्हते," मी मोठ्यानं म्हणालो आणि मोजू लागलो. दहा झाले... बोट काही उचलवेना.