मेणावरचा अंगठा

भिंगवाल्यांनी जन्मात कधी बंदूक हातात धरली नव्हती. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत बसून त्यांनी हयातभर काचा घासल्या, आणि उरलेला जीव जुन्या बारूददाण्यांत, म्हणजे बारूद ठेवायच्या भांड्यांत, गुंतवला. बाहेरच्या खोलीतल्या कपाटात त्या दाटीवाटीने बसल्या होत्या. शिंपल्याचे तुकडे जडवलेल्या हिंदुस्थानी, उस्मानी मुलखातल्या पितळी, कमरपट्ट्याला अडकवायच्या काडतुसांच्या चपट्या पेट्या, आणि बंदुकीच्या कानात चिमूटभर बारीक बारूद सोडायच्या चिमुकल्या रंजकदाण्या.

“लोकांकडे बंदूक असते. आमच्याकडे नुसती तिची भांडी,” असं त्यांची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. सुरुवातीला तिला या पसाऱ्याचा राग यायचा. पुढे कान मात्र तिचेच तयार झाले. नवी दाणी घरात आली की ती कानाशी धरून हलवायची आणि सांगून टाकायची, तळ सुटलाय, आत किडा मेलाय, झाकण दुसऱ्याच कुणाचं आहे. बहुतेक वेळा ते खरं निघायचं आणि भिंगवाल्यांचं तोंड एवढंसं व्हायचं.

सगळ्यात शेवटी आलं ते म्हशीचं शिंग. रुंद बाजूला खिळ्यांनी ठोकलेली लाकडी चकती, निमुळत्या टोकाचं बूच गायब, आणि तोंडाशी काहीतरी घट्ट बसलेलं.

“अहो, हिचं पोट भरलेलं आहे.”

“उंदराच्या लेंड्या असतील.”

“लेंड्या अशा वाजतात होय? ही सळसळते.” तिने शिंग कानाशी तसंच धरून ठेवलं. “ज्याच्यासाठी भरली, तो वाचला असेल ना?”

“किंवा भरणारा आधीच गेला असेल.”

“तुमच्या तोंडून कधी कुणाचं बरं निघायचं नाही.”

जुनी दाणी आधी रिकामी करायची आणि मगच तोंड बंद करायचं, ही या छंदातली पहिली शिस्त. भिंगवाले ती इतरांना शिकवत. पण त्या दिवशी रिकामी करायला घेतली असती, तर बायको पुन्हा बरोबर ठरली असती. “मेण लावून टाक,” ते म्हणाले, “धूळ तरी जाणार नाही.” तिने मेणाची गोळी तळव्यात मऊ केली, टोकावर बसवली आणि अंगठ्याने दाबली.

त्याच थंडीत ती साध्या तापाचं निमित्त होऊन दवाखान्यात गेली आणि परत आली नाही.

मेणावरचा ठसा भिंगवाल्यांना फार उशिरा दिसला. डोळ्याला भिंग लावून ते एकदा शिंगाचं टोक न्याहाळत होते आणि भिंगात एकदम तीच आली. गोल गोल रेषा, आणि त्यांना आडवी छेदून गेलेली, कधीतरी भाजी चिरताना विळी लागल्याची खूण. तेव्हापासून सकाळी उठलं की ते शिंग कानाशी धरून हलवायचे. आत सळसळ व्हायची. शेजारच्या खोलीत कुणी कूस बदलावी तशी. “पड अजून जरा,” ते म्हणायचे, आणि चहा ठेवायला जायचे.

मग मुलीचा फोन आला. जावयाची बदली लांब झाली होती. रांगत्या पोराला घेऊन ती बापाकडे राहायला येणार होती.

“बाबा, आई ते एक शिंग भरलेलं आहे म्हणायची. खरं का?”

“तिचे कान तुला माहीत आहेत,” भिंगवाले म्हणाले. मुलीला उत्तर कळलं.

“पोरगं दिसेल ते तोंडात घालतं, बाबा. ते शिंग तसंच असेल तर मी नाही येणार. हट्ट नाही हा. भीती वाटते.”

त्यांनी जुन्या वस्तूंच्या दुकानदाराला बोलावून घेतलं. त्याने शिंग हातावर तोललं, हलवलं मात्र नाही. झोपलेलं मूल ठेवावं तसं ते टेबलावर ठेवलं.

“अहो भिंगवाले, जिवंत बारूद आहे ही. हिच्याशेजारी बसून चहा पाजताय मला? मेण काढा आणि बादलीत रिकामी करा.”

“मेण नाही काढायचं.”

“चकती काढायची तर खिळे गंजलेत. उपटताना ठिणगी उडाली की तुम्ही, मी आणि कपाट, सगळे एकदम वर.”

“पाण्याखाली भोक पाडलं तर? चकतीला?”

दुकानदाराने कप खाली ठेवला. “ओरखडा दिसला म्हणून वस्तू परत करणारा माणूस तुम्ही! मेणात काय एवढं सोनं आहे?”

भिंगवाल्यांनी त्याच्या हातात भिंग दिलं. दुकानदाराने वाकून पाहिलं. मग भिंग खाली ठेवलं आणि चहा अर्धा टाकून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागच्या अंगणात बादली भरून ते बसले. मेणाचं टोक पाण्याबाहेर ठेवून, चकती बुडवून, हाताचं गिरमिट हळूहळू फिरवू लागले. जुनं लाकूड कुरकुरलं. मग काळा धूर उठावा तसं पाणी काळवंडत गेलं आणि कुजक्या अंड्याचा वास सुटला. कुणीतरी कुणावर तरी झाडायची राहिलेली ती बारूद. त्यांनी पाणी पुन्हा पुन्हा बदललं, अगदी नितळ येईपर्यंत.

शिंग खिडकीत सुकलं. ठशाची एकही रेघ बिघडली नव्हती. त्यांनी सवयीने ते कानाशी धरलं आणि हलवलं.

काही नाही.

पुन्हा हलवलं. “अगं,” ते म्हणाले. खोली त्यांच्याकडे नुसती बघत होती. अंगठा जपायच्या नादात आवाज आपणच ओतून दिला, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी शिंग खिडकीत परत ठेवलं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला तेव्हाही ते तिथेच बसून होते.

“काढलंत, बाबा?”

“काढलं. ये तू.”

“परवा निघते. बाबा, पाळण्याला जागा...” ती बोलता बोलता थांबली. “तुमच्याकडे कोण आहे?”

बाहेर वारा सुटला होता. चकतीच्या नव्या भोकावरून तो जात होता, आणि शिंगातून बारीक, खालच्या पट्टीतलं, तोंड मिटून गुणगुणावं तसं काहीतरी येत होतं.

“कोणी नाही,” भिंगवाले म्हणाले. “खिडकी उघडी आहे.”

“मग लावून घ्या ना. गारठा किती आहे.”

“हो,” ते म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.