शून्य जमिनीवर, अधिक खाली

ब्रिएल टोमसिकचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं. पण आधी अर्व्हिड निस्कालाविषयी सांगायला हवं, कारण विश्वासघात त्याचा झाला.

अर्व्हिडने एकतीस वर्षं लोकांच्या विहिरी खोदल्या. उत्तर मिनेसोटातल्या आमच्या खाणगावात ज्याच्या नळाला चांगलं पाणी येतं, त्याच्या अंगणात बहुतेक अर्व्हिडचंच यंत्र लागलेलं असतं. पंचावन्नाव्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा तो आमच्या कॉलेजात कॅल्क्युलस शिकायला आला. दोनदा नापास झाला. तिसऱ्यांदा असा पास झाला, की प्राध्यापक हेडलंडनी त्याला मदतकेंद्रात बसायला सांगितलं. मदतकेंद्र म्हणजे वाचनालयामागची एक खोली, चार टेबलं आणि दाराशी नोंदवही घेऊन मी. फिजिक्सचा नाहीतर कॅल्क्युलसचा गृहपाठ अडला की मुलं तिथे येतात. खिडकीजवळची खुर्ची अर्व्हिडची. बारा वर्षं त्याने ती फुकट राखली, आणि त्या खुर्चीपलीकडे त्याला फारसं काही उरलं नव्हतं.

शिकवताना तो मुलांच्या पेन्सिलीला हात लावायचा नाही. "तूच काढ. मी नुसता बघतो," म्हणायचा. आणि एक खोड. सगळं जग वरची दिशा अधिक धरतं, अर्व्हिड खालची धरायचा. आधी आडवी रेघ, तिच्यावर शून्य, मग खाली जाणारा बाण आणि त्याच्या टोकाशी अधिकचं चिन्ह.

"वर्गात उलटं शिकवतात, अर्व्हिड," मुलं चिडवायची.

"वर्गात कुणी विहीर खोदलीय? खोली वाढते तशी बिलं वाढतात. मग ती उणे कशी?"

उत्तर दोन्हीकडून बरोबरच यायचं, म्हणून हेडलंडही काही बोलायचे नाहीत.

ब्रिएल सप्टेंबरात आली. अर्धा दिवस दातांच्या दवाखान्यात काम आणि उरलेल्या वेळात इंजिनियर व्हायची घाई. मोठ्या विद्यापीठात प्रवेश हवा होता आणि फिजिक्सने तिचा घाम काढला होता. आठवड्यातून तीनदा यायची. नाताळात तिने अर्व्हिडला आजीच्या हातची पोटीत्सा, म्हणजे अक्रोड भरून गुंडाळलेली गोड पावरोटी, आणून दिली, तर हा माणूस आठवडाभर तिचा एकेक काप करून खात होता. "पोरगी विचार करते, डोरीन," मला सांगायचा. "उत्तर मागत नाही, कारण मागते." मलाही ती आवडायची. तोंडात साखर होती तिच्या.

एप्रिलमध्ये हेडलंडनी घरी सोडवायची परीक्षा दिली. तीन दिवस, पुस्तकं उघडी, पण दुसऱ्या माणसाची मदत नाही. पहिल्या पानावर तशी सही करून द्यायची. असल्या दिवसांत आमचा नियम असा, की शिकवणाऱ्याने आधी विचारायचं आणि येणाऱ्याने नोंदवहीत 'गृहपाठ' या रकान्यात खूण करायची.

मंगळवारी दुपारी ब्रिएल आली. चार गणितं तिने स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवून आणली होती.

"हे परीक्षेतलं नाही ना?" अर्व्हिडने विचारलं.

"छे हो. गृहपाठ. ती परीक्षा मी कालच संपवली."

माझं टेबल तिथून सहा पावलांवर. मी शब्दन् शब्द ऐकला.

पहिलं गणित खाणीत माणसं उतरवणाऱ्या लिफ्टच्या पाळण्याचं होतं. त्याचं त्वरण सेकंदासेकंदाला कमी होत जातं; तो थांबेपर्यंत किती खोल जाईल? अर्व्हिडचा चेहरा खुलला. "आधी वेग काढ. तो शून्य कधी होतो ते बघ. मग पुन्हा इंटिग्रेशन." दीड तास बसले दोघं. जाताना ती म्हणाली, "तुम्ही नसता तर मी मेले असते."

पुढच्या सोमवारी हेडलंड तिचा पेपर घेऊन आले. चारही उत्तरांशेजारी आडवी रेघ, शून्य आणि खाली जाणारा बाण. वर्षभर वर्गातल्या पेपरात ती वरचीच दिशा अधिक धरत आली होती.

"असा बाण काढणारा मला एकच माणूस माहीत आहे," ते म्हणाले.

ब्रिएलला विचारलं, तर तिने डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, "मी त्यांना म्हटलं होतं, ही परीक्षा आहे. तेच म्हणाले, बस, कुणाला कळणार नाही." तिला नवा पेपर मिळाला. अर्व्हिडला खुर्ची सोडायला सांगितलं. वरच्यांना निर्णय घ्यायला एक सकाळ पुरली.

निर्णयाआधी हेडलंडनी माझ्याकडे नोंदवही मागितली होती. मंगळवारच्या पानावर ब्रिएलचं नावच नव्हतं. नसणारच. रोजच्या मुलांना मीच म्हणायचे, "राहू दे गं, जा बस." दोन वर्षांपूर्वी याच कारणावरून मला लेखी ताकीद मिळाली होती. दुसरी मिळाली असती तर घरीच बसावं लागलं असतं.

"नोंद नाही म्हणजे माझ्यासमोर आली नसेल," मी म्हटलं. एवढंच. हेडलंडनी वही मिटली.

अर्व्हिड दुपारी थर्मास न्यायला आला. माझ्या टेबलापाशी थांबला.

"डोरीन, मी तिला विचारलं होतं ना? परीक्षेतलं नाही ना म्हणून? मला अगदी आठवतंय. तू इथेच होतीस."

ब्रिएलला मी मनात लाख शिव्या दिल्या आहेत. तिला जे जमलं तेच त्या क्षणी मलाही जमलं.

"मला नाही आठवत, अर्व्हिड."

त्याने थर्मास काखेत घेतला. त्याच्या नजरेत संशय असता तर बरं झालं असतं. तो ब्रिएलवर चिडला नाही, माझ्यावर तर नाहीच. "मग राहिलं असेल विचारायचं," म्हणाला. "वय झालं."

दुसऱ्या दिवशी हेडलंडना द्यायची एक चिठ्ठी त्याने माझ्याच टेबलावर ठेवली. बंद केलेली नव्हती. नियम आपणच मोडला, मुलीचा दोष नाही, हल्ली आपल्याला गोष्टी आठवत नाहीत, असं त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं. मी ती वाचली, घडी घातली आणि हेडलंडच्या टपालात ठेवून आले.