जाळ्याच्या भोकांतलं आभाळ

मिसिंगचं ते प्रकरण आठवलं की आजही मला स्वस्थ बसवत नाही.

मी तेव्हा बोरिवलीकडच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. एक गृहस्थ रोज सकाळी येऊन बाकावर बसायचे. मूळचे कोकणातले, बोलायला नम्र. त्यांची सज्ञान मुलगी घरातून निघून गेली होती. तिचा फोन बंद होता. मग तिच्या मैत्रिणीच्या फोनवरून त्यांना एक फोटो आला. मुलगी उभी, मागे टांगलेलं मासेमारीचं जाळं, वर निळंशार आभाळ. खाली मजकूर : 'केरळात आहे. मजेत आहे. शोधू नका.'

मी फोटो मोठा करून पाहिला. जाळ्याभोवतीचं आभाळ निळं, पण जाळ्याच्या बारीक भोकांत पांढुरकं. तिच्या कुरळ्या केसांच्या कडेलाही तशीच रेघ. जाळं जिथे फाटलं होतं तिथून बांबूच्या काठ्या दिसत होत्या, त्यांवर वाळत घातलेले बोंबील. हे केरळ नव्हतं. मुंबईचाच किनारा, मढ असेल किंवा मनोरी.

मैत्रीण अंधेरीत लग्नाचे फोटो एडिट करायची. तिला बोलावून घेतलं. महिला उपनिरीक्षक शेजारी होत्या.

"आभाळ तू बदललंस?"

"हो. जाळं लय किचकट होतं, सर. एकेक भोक साफ करायला टाइम नव्हता."

"ती कुठे आहे?"

तिने उलट विचारलं, "शोधून कुणाच्या ताब्यात देणार तिला?"

"कायद्याने जे होईल ते."

"मग कायद्यालाच विचारा ना. मला कशाला?"

मी वैतागून बाहेर आलो. वडील पाठमोरे, फोनवर बोलत होते. आवाज तसाच मऊ. "लग्नाला नाही म्हणते म्हणजे काय? एकदा हाताला लागू दे. परत घराबाहेर पाय टाकायच्या लायकीची ठेवत नाही."

मी आत गेलो आणि त्या मैत्रिणीला फोटोतली भोकं आणि फाटक्या जाळ्यामागच्या काठ्या दाखवल्या. "मला दिसलं ते तिच्या वडिलांनाही दिसेल. वाळत घातलेले बोंबील कोकणातल्या माणसाला ओळखू येणार नाहीत?"

तिचा चेहरा उतरला. "मनोरी," ती म्हणाली.

आम्ही साध्या वेशात मार्व्याहून बोटीने मनोरीला गेलो. मैत्रिणीने सांगितलेल्या घरी, आम्हाला पाहताच मुलगी दाराआड सरकली. पहिला प्रश्न, "बाबा आलेत?"

"नाही."

मग ती खालीच बसली. उपनिरीक्षकांनी जबाब घेतला : स्वतःच्या मर्जीने आले, परत जायचं नाही. मी फोटो दाखवला. तिने जाळ्यावरून बोट फिरवलं. "मला तर सगळं निळंच दिसलं होतं."

ठाण्यात येऊन मी वडिलांना सांगितलं, "मुलगी सुखरूप आहे. पत्ता मिळणार नाही. आणि फोनवर काय बोललात ते मी ऐकलंय, त्याची नोंद केली आहे."

"साहेब, तुम्हाला मुलगी आहे?"

"आहे."

ते हात जोडून निघून गेले. त्या जोडलेल्या हातांनी मी जास्त अस्वस्थ झालो.

तेव्हापासून मिसिंगची तक्रार घेताना, माणूस कधी गेलं याच्या आधी मी विचारू लागलो, घरात काय झालं होतं? उत्तर देताना लोक कुठे अडखळतात, ते बघू लागलो.

मुलीने त्याच दिवशी मनोरी सोडली. कुठे गेली, ते मी मुद्दाम विचारलं नाही. मला माहीतच नसलेली गोष्ट माझ्या तोंडून निसटणार नव्हती.